मुद्दाम उलटवलेली नाव

वारा कुठून आहे हे विचारल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नसे असे एकच गृहस्थ मी पाहिले, आणि ते आमच्या गावात ड्रिल मास्तर होते. सकाळी प्रार्थनेला मुलं रांगेत उभी राहिली की ते बोट तोंडात घालून ओलं करत, डोक्यावर धरत आणि पुढच्या रांगेतल्या एखाद्याला विचारत, "कोनीकडून हाय?" पोरगं गडबडून हेडमास्तरांकडे हात करी. मास्तर हसत नसत. "ते वारा नाही, ते हेडमास्तर हायेत," असं शांतपणे सांगून पुढच्याला विचारत. कुणी एकानं बरोबर "पश्चिमेकडून" म्हटलं की मगच प्रार्थना सुरू व्हायची.

आमचं गाव वाशीमपासून चार-पाच कोसांवर. कापसातली सरकी काढायचा जिन, आठवड्याचा बाजार, एक हायस्कूल आणि गावाला लागून जुना तलाव. पन्नास सालानंतरची ही गोष्ट. मी तिथं इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि हंगामी होतो. मास्तर माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठे. भोई लोक तलावात वापरतात त्या नावेला आमच्याकडे डोंगा म्हणतात, आणि मास्तर पूर्वी जहाजावर होते, त्यावरून मुलं त्यांना डोंगेमास्तर म्हणत. अर्थात पाठीमागं. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ते मूळचे पोहरादेवीच्या वाटेवरच्या एका खेड्यातले. लढाईच्या दिवसांत अकोल्याला भरतीचा साहेब आला होता. हे घरी न सांगता गेले आणि नौदलात दाखल झाले. "दर्या पाह्याच्या आंधी म्या दर्याची नोकरी धरली," असं ते सांगत. मुंबईत त्यांनी चार वर्षं काढली. मग सेहेचाळीस साली जहाजांवरच्या पोरांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. सुरुवात जेवणाच्या तक्रारीवरून झाली होती. मास्तर त्यात होते. त्यांना धरलं, कोंडलं आणि नोकरीतून काढून टाकलं. दीड वर्षानं देश स्वतंत्र झाला. हे आनंदानं मुंबईला परत गेले, अर्ज केला, आणि अर्ज नामंजूर झाला. मला ही हकीकत त्यांनी एकदाच सांगितली. सांगताना दोराची एक गाठ सोडवत होते. "इंग्रजानं काहाडलं, ते समजलं. मंग आपल्याईनं काहून नाही घेतलं, हे मले अजून कोनी समजावून नाही सांगतलं."

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी मात्र त्यांना घेतलं होतं. अध्यक्ष म्हणजे जिनचे मालक. एकोणपन्नास साली पंधरा ऑगस्टला त्यांनी या बंडवाल्याच्या गळ्यात हार घातला, भाषण केलं आणि तिथल्या तिथं नोकरी जाहीर केली. हार घालायला एक माणूस हवा होता, तो मिळाला.

मास्तरांची खोली शाळेच्या मागं होती. खाट नव्हती. नवारीचा झोपाळा दोन भिंतींना बांधून ते त्यात झोपत. पहाटे फरशी ओणवं होऊन पुसत. पेलाभर पाण्यात दाढी, तोंड आणि दाढीचं सामान सगळं धुऊन होत असे. बोलताना एक वाक्य सारखं येई: "उलटलं तं?" मुलगा मल्लखांबावर चढला की "उलटलं तं?" मी नवी सायकल घेतली, "उलटलं तं?" माझ्या बहिणीला आमच्या जवळच्याच मालेगावचं स्थळ आलं तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मी रागावलो. ते म्हणाले, "अबे, उलटू नये असं मी बी म्हनतो. पन उलटल्यावर उठाचं कसं, ते आंधी पाहून ठेवाव."

शाळेला जोडून खेड्यांवरच्या मुलांसाठी बोर्डिंग होतं. तिथली ज्वारी अध्यक्षांच्या गोदामातून यायची. भाकरीत किडे निघत, वरणात सोंडे तरंगत. आम्हा सगळ्या शिक्षकांना ते ठाऊक होतं आणि आम्ही सगळे घरी जेवत होतो. एका वर्षीच्या स्नेहसंमेलनात बक्षीस समारंभ चालू असताना मास्तर पांढरा कडक इस्त्रीचा पोशाख घालून स्टेजवर चढले. हातात रुमालानं झाकलेली थाळी. ती त्यांनी अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवली आणि रुमाल काढला.

"पोरं रोज खातात ते आनलं. एक घास घ्या."

अध्यक्ष हसले. "मास्तर, माझं पोट बरं नाही हल्ली."

"पोराइचं बी नाही."

मागच्या रांगांमधून हसू फुटलं आणि लगेच विरलं. मीही हसलो होतो. अध्यक्षांची नजर आमच्या खुर्च्यांवरून फिरली तशी मी मान खाली घालून चप्पल शोधू लागलो. अध्यक्षांनी थाळीला नमस्कार केला, चपराशाकडे दिली आणि पुढचं बक्षीस वाचायला सांगितलं. महिनाभर बोर्डिंगला चांगली ज्वारी आली. मास्तरांना अध्यक्ष एका शब्दानं बोलले नाहीत. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

मास्तर एक होडी बांधत होते, ते काम त्याआधीपासूनच चालू होतं. वाशीमच्या रद्दीवाल्याकडे मास्तरांना एका विलायती मासिकाचं पान सापडलं होतं. त्यावर एक विचित्र होडी होती: दोन लांब अरुंद नावा एकमेकींना समांतर, मधे आडवे वासे, वर एकच शीड, आणि बाहेर झुकलेला एकटा माणूस. इंग्रजीत तिला कॅटामरान म्हणतात. ही शर्यतीची होती. मजकूर मी वाचून दाखवला. तशी होडी मास्तरांनी दोन वर्षं खपून आमच्या गावात बांधली. किराणा दुकानातल्या चहाच्या पेट्यांच्या फळ्या, मालेगावच्या सुताराकडून कापून आणलेल्या सागाच्या फासळ्या, भेगांत राळ आणि अळशीचं तेल, डोलकाठीला वेळू. मांजरपाटाचं शीड त्यांनी स्वतः दाभणानं शिवलं. गावानं पोटभर टिंगल केली. कुणी विचारी, "मास्तर, वाशीमले हिच्यातूनच जाता काय?"

एकदा मीही विचारलं, हे कशाला?

"मुंबईले एक क्लब हाय. थंडीत शिडाच्या होड्याइची शर्यत होते. मोठमोठे लोक असतात, नौदलाचे साहेब पाह्याले येतात. मी डेक पुसतानी लांबून पाहत जाओ." मग जरा थांबून म्हणाले, "त्याईच्या समोरून एक डाव जायाचं हाय. पह्यल्या नंबरानं. मंग मी वापस येतो."

क्लबाला पत्र मी लिहिलं. दीड महिन्यानं उत्तर आलं, तेही मीच वाचलं. क्लबाचं म्हणणं असं होतं की दोन नावांची होडी उलटली की एकट्या माणसाला ती सरळ करता येत नाही, म्हणून ती धोक्याची. तरीही प्रवेश हवा असेल तर होडी खोल पाण्यात मुद्दाम तीनदा उलटवावी, एकट्यानं कुणाच्या मदतीशिवाय तीनदा सरळ करावी, आणि हजर असलेल्या एका जबाबदार माणसानं वेळांसकट तसं लिहून सही करावी. सोबत छापील कागद होता.

मास्तर मोठ्यानं हसले. मी त्यांना असं हसताना तेवढंच पाहिलं. "म्हंजे तेबी इच्यारून राह्यले, उलटलं तं? अन् जबाबदार मानूस म्हंजे तू."

पहिली चाचणी श्रावणात झाली आणि फसली. होडी उलटली की आडवी पडायची. डोलकाठीच्या टोकाला तोंड झाळून बंद केलेला तुपाचा रिकामा डबा बांधला होता, त्यामुळे ती पार पालथी होत नसे. मग खालच्या नावेवर उभं राहायचं, वरच्या नावेवरून आलेला दोर धरायचा आणि सगळं अंग मागं टाकून ओढायचं. मास्तरांचं वजन पुरेना. अर्धा तास झुंजले. शेवटी चंद्राबाईनं डोंगा घातला आणि त्यांना होडीसकट काठाला आणलं.

चंद्राबाई भोयांची. पन्नाशीची, विधवा. तलावाच्या उथळ बाजूला तिचे शिंगाड्याचे वेल होते. संस्थेचे अध्यक्षच पंचायतीतही पुढारी होते, त्यामुळे तलाव वर्षभरासाठी कुणाला द्यायचा, तो लिलाव त्यांच्या हातात असे.

"मास्तर, माह्ये सारे येल तुटले ना!" ती ओरडली. "तुमाले मराचं असन तं तिकडं खोलात मरा!"

मास्तर पुढचे दोन दिवस शाळा सुटल्यावर छातीएवढ्या पाण्यात उभे राहून तिचे वेल परत लावत होते. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्यासाठी उकडलेले मासे घेऊन आली. त्याच गप्पांत तिनं विचारलं, वजन कमी पडतं तर पाण्याचंच वजन का नाही घेत? मास्तरांनी कपाळाला हात लावला. पखालवाल्याकडून त्यांनी एक जुनी चामड्याची पखाल मिळवली. ती तळ्यातच भरायची, पाठीवर घ्यायची आणि मग दोर ओढायचा.

भाद्रपदात, बाजाराच्या दिवशी, पश्चिमेचा चांगला वारा होता. मी तलावाच्या पाळीवर, बांधावर, शाळेचं घड्याळ आणि वही घेऊन बसलो. बाजारातली माणसं जमू लागली. मास्तर एकटेच शीड उभारून तलावाच्या मध्यावर गेले, हात वर करून मला खूण केली आणि होडी उलटवली. मी लिहिलं: "होडी मुद्दाम उलटवली." ते पोहत खालच्या नावेवर चढले, पखाल ओढून पाठीवर घेतली, दोर धरून मागं कलंडले. शीड पाण्याला चिकटल्यासारखं सुटेना. मग एकाएकी वारा त्याच्याखाली शिरला आणि होडी थाडकन सरळ झाली. पाळीवरच्या लोकांनी आरोळी दिली. मी वेळ लिहिली. दुसऱ्यांदा उलटवली, दुसऱ्यांदा उठवली. वेळ लिहिली.

तिसऱ्यांदा ते शिडाखाली सापडले. पाणी नुसतं हलत होतं, माणूस दिसेना. बायका रडू लागल्या. शाळेचा चपराशी गावाकडे पळत सुटला. मी उभा राहिलो, घड्याळ हातात होतं, पण काट्याकडे बघवेना. चंद्राबाईनं डोंगा पाण्यात ढकलला. तेवढ्यात शिडाच्या पलीकडून त्यांचं डोकं वर आलं. त्यांनी डोंग्याकडे बघून हात हलवला, येऊ नको म्हणून. बराच वेळ दोराला नुसतेच धरून राहिले. मग चढले, पखाल उचलली, आणि होडी तिसऱ्यांदा उभी केली. मी वेळ लिहिली.

खरं तर तिथं काम संपलं होतं. पण ते काठाला आले नाहीत. त्यांनी शीड ताणलं, वाऱ्याला आडवे झाले आणि त्या होडीची एक बाजू पाण्यातून पूर्ण वर उचलली गेली. ते बाहेर झुकून, डोकं पाण्याला जवळजवळ लागेल असे, तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेले. एवढ्या वेगानं पाण्यावरून जाणारी वस्तू आमच्या गावानं पाहिली नव्हती. टिंगल करणारी माणसं टोप्या काढून उभी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे मी वहीत लिहिलं नाही.

चार दिवसांनी अध्यक्षांचं बोलावणं आलं. वही घेऊन या, असा निरोप होता. जिनच्या ऑफिसात त्यांनी मला चहा दिला आणि वही चाळली.

"'होडी मुद्दाम उलटवली.' हे तुमचंच अक्षर ना?"

"हो. पण ती चाचणी होती, साहेब. क्लबाचं पत्र आहे."

"चाचणी म्हना, काही म्हना. तीन वेळा मुद्दाम. तिसऱ्या डाव मानूस पान्याखाली. बाया रडल्या, बाजार उठला. पोरं पाहत होती." त्यांचा आवाज मायाळू होता. "जीव देनं हा गुन्हा हाय, गुरुजी. पन आपन पोलिसात जात नाही. त्याले घरी पाठवू, आराम करू द्या." त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. मास्तरांनी जीव देण्याच्या हेतूनं मुद्दाम होडी उलटवली, हे मी प्रत्यक्ष पाहिलं, असं त्यात होतं. "तुमाले कायम कराचं बी रविवारच्या बैठकीतच हाय."

मला कुणी धमकी दिली नाही. दार उघडं होतं. मी कागद दोनदा वाचला, न समजल्यासारखा. बहिणीचं लग्न ठरत आलं होतं, घरात मी एकटा मिळवता. हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा स्वतःला सांगितलं आहे की आता त्यात काही दम उरलेला नाही. पेन त्यांनीच दिलं. वही त्यांनी ठेवून घेतली.

रविवारी शाळेत संस्थेची बैठक झाली. चंद्राबाईलाही बोलावलं होतं, अंगठ्यासाठी. कागद वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "म्या त्याले तीनदा पडतानी पाह्यलं, अन् तीनदा उठतानी पाह्यलं. मरनारा मानूस एकच डाव पडते."

"फाल्गुनात तलावाचा लिलाव हाय, ध्यानात हाय ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"हाय ध्यानात." तिनं अंगठा पदराखाली घेतला आणि ती निघून गेली. त्या फाल्गुनात तलाव दुसऱ्याला गेला.

मग मास्तरांना आत घेतलं. तोच पांढरा पोशाख.

"होडी मुद्दाम उलटवली का?"

"हो."

"काहून?"

"उठते का, ते पाह्याले."

सभासद हसले. चिटणिसांनी माझं निवेदन आणि सही वाचली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. रांगेतून पाय पुढं आलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. म्हणाले, "वेळा वाच ना, बे. वहीत उठल्याच्या वेळा बी हायेत."

वही अध्यक्षांच्या पंजाखाली होती. मी वेळा तोंडपाठ सांगू शकत होतो. मी सांगितल्या नाहीत. मास्तरांना प्रकृतीच्या कारणावरून कमी करण्यात आलं, आणि पुढच्याच ठरावानं मी कायम झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीवर आले. मी स्टोव्हवर चहा ठेवला होता. त्यांनी खिशातून क्लबाचा छापील कागद काढून टेबलावर ठेवला. वेळा त्यांनी स्वतः भरल्या होत्या. पाण्यात मनातल्या मनात मोजत होते म्हणे.

"त्या कागदावर केली, केली. आता याच्यावर कर."

"मास्तर, दोन्हीवर माझी सही कशी चालेल?"

"हा खरा हाय."

"साहेबांना कळलं तर?"

"मुंबईहून त्याले सांगाले कोन येते?"

मी आईचं नाव काढलं, बहिणीचं काढलं. ते ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "पाळीवर लिवता येनारा तू एकटाच होता. दुसरा असता तं तुले तकलीफ नसती देल्ली."

मी स्टोव्हकडे बघत राहिलो. ते उभे राहिले. मग त्यांनी कागदाची घडी केली.

"चहा उतू चालला तुहा," म्हणाले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी होडी सुटी केली, दोन्ही नावा दोन बैलगाड्यांवर आडव्या बांधल्या आणि वाशीम स्टेशनकडे निघाले. गाड्या शाळेवरून गेल्या. मुलं खिडक्यांशी धावली, मी त्यांना जागेवर बसायला सांगितलं.

पुढच्या वर्षी कार्तिकात बाजारात चंद्राबाई भेटली. दुसऱ्याच्या टोपलीतले शिंगाडे विकत होती. मी विचारलं, मास्तर जाताना काही बोलले का?

"कागद घेऊन आले होते, इंग्रजी. म्हने, खरं लिव्हलं हाय. म्या अंगठा देल्ला." तिनं माप भरून माझ्या पिशवीत ओतलं. "तुमी तं सही कराच्या आंधी वाचून घेतलं असन ना?"

मी पैसे मोजून दिले आणि पिशवी उचलली.

मास्तरांचा पत्ता मला कधी लागला नाही. त्यांच्या खेड्यातही ते परत गेले नव्हते. मी यथावकाश हेडमास्तर झालो. अध्यक्ष वारल्यावर, आता कुणाला भ्यायचं कारण उरलं नव्हतं तेव्हा, मी धीर करून क्लबाला पत्र लिहिलं: अमुक साली अमुक गृहस्थ दोन नावांची होडी घेऊन आपल्याकडे आले होते काय? पंधरा दिवसांत उत्तर आलं. जुन्या फाइलीत नोंद होती. अर्जदार होडी घेऊन स्वतः आले होते. साक्षीदार लिहिता-वाचता येणारा नसल्यामुळे अर्ज विचारात घेतला गेला नाही, त्यांना परत पाठवण्यात आलं.

चार ओळींचं पत्र होतं. इंग्रजी अगदी सोपं होतं. एकाही शब्दाला मी अडलो नाही.